भटारखान्याला खिडकी

पुंडलिकनगरच्या पद्मजा सेलूकरांनी उभं आयुष्य दुसऱ्यांची हॉटेलं, दुकानं आणि ऑफिसं आतून घडवण्यात घालवलं. कुणी त्यांच्या कामाला 'सजावट' म्हटलं की त्या हसून म्हणतात, "सजवतात मांडव. मी बसायची-उठायची सोय करते."

सुरुवात झाली छावणीतल्या रामकिसनच्या खानावळीपासून. नवा रंग मारला की गिऱ्हाईक वाढेल, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. पद्मजाताई तेव्हा नुकत्याच डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेल्या. त्या आल्या आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दुपारभर नुसत्या बसून राहिल्या.

"ताई, मापं कव्हा घेनार?" रामकिसन शेवटी वैतागला.

"तुमच्याकडे बायका का येत नाहीत, ते बघतेय."

फॅमिली रूम होती, पण पार मागं. तिथं जायचं तर पुरुषांनी भरलेल्या टेबलांमधून, नजरा झेलत जावं लागे. ताईंनी शेजारच्या गल्लीत एक दार काढायला लावलं. भिंतींचा रंग जुनाच राहिला, पण दिवाळीपर्यंत फॅमिली रूममध्ये जागा मिळेनाशी झाली. रामकिसननं हे गावभर सांगितलं आणि ताईंची कामं सुरू झाली. साइटवर नवा मिस्त्री आला की हमखास विचारायचा, "साहेब कुठंयत?" ताई शांतपणे सांगायच्या, "साहेब कॉलेजात शिकवतात. काम माझ्याशी आहे." दुसऱ्यांदा विचारायची कुणाची हिंमत होत नसे.

पुढं बरीच वर्षं गेली, आणि इंद्रजीत त्यांच्याकडे आला. वाळूजच्या रस्त्यालगत त्याच्या घरची शेती होती. तिथं आधी ढाबा होता. त्याची आई आशाबाई स्वतः भाकऱ्या थापायची. आता त्याला त्याच जागी मोठं हॉटेल करायचं होतं. ताईंच्या हाती तोवर आलेलं हे सगळ्यात मोठं काम.

"मॅडम, मानूस आत आला की डोळं दिपलं पायजेत," इंद्रजीत नकाशावर बोट ठेवत म्हणाला. "लॉबीत कारंजं पायजे. जागा कमी पडती तर भटारखाना निम्मा करा. तिथं कोन बघतंय?"

"तिथं माणसं दिवसभर उभी राहणार आहेत, इंद्रजीतराव. खिडकी तरी राहू द्या."

"नाय मॅडम. कारंजं तर पायजेच."

ताईंनी नकाशाची गुंडाळी केली आणि काम सोडलं. त्या रात्रभर कूस बदलत होत्या, हे नवऱ्याला, हेमचंद्रला, कळलं. पुण्याच्या कुणीतरी ते हॉटेल उभं केलं. कारंजं खरंच देखणं झालं.

दोन उन्हाळे गेले. एका सकाळी इंद्रजीत स्वतः पुंडलिकनगरला आला. कपबशी हातात धरून खाली बघत म्हणाला, "मॅडम, आचारी टिकत नायत. उन्हाळा लागला की पळत्यात. जेवन उशिरा जातं, लोक बोलत्यात."

'मी म्हटलं होतं ना' हे वाक्य ताईंच्या ओठांवर होतं. पण त्याचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं. "उद्या दुपारी येते," एवढंच म्हणाल्या.

ऐन मे महिना. जेवणाची गर्दी सुरू होती. आचारी कृष्णा भट्टीपाशी होता. ताई त्याच्या शेजारी सगळा वेळ उभ्या राहिल्या, कुठं हात पोचतो, कुठं धक्के लागतात, वाफ कुठं कोंडते, हे बघत. बाहेर आल्या तेव्हा साडी घामानं चिकटली होती. मागोमाग आत गेलेला इंद्रजीत कधीच बाहेर पळाला होता. दारात बसलेली आशाबाई पदरानं वारा घेत त्याला म्हणाली, "म्या उघड्या छपराखाली भाकरी केल्या, तरी जीव जायाचा. तू तर या पोरान्ला डब्यात कोंडलं की रं."

इंद्रजीतनं मान खाली घातली. "कारंजं काढलं तर लोक काय म्हनतील?" त्यानं हळूच विचारलं.

"गरम जेवण वेळेवर आलं तर काही म्हणणार नाहीत," ताई म्हणाल्या.

हॉटेल बंद न ठेवता काम करायचं होतं, म्हणून एकेक कोपरा घेतला. दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून ताई रोज वाळूजला जात. कारंजं निघालं, लॉबी आटोपशीर झाली. मागचा भटारखाना ऐसपैस झाला, उत्तरेच्या भिंतीला रुंद खिडकी आली. खिडकीखाली एक लांब बाक बसवला, टेकायला. तो बाक नकाशात नव्हता. कृष्णानं मागितला होता.

पुढच्या उन्हाळ्यात कुणी काम सोडून गेलं नाही. लॉबीत ताईंच्या नावाची पाटी लावायचा इंद्रजीतनं हट्ट धरला. ताई नको म्हणाल्या, तेव्हा त्यानं दोघा नवराबायकोला जेवायला बोलावलं. आशाबाई शेजारी बसून आग्रह करत होती.

हेमचंद्रनं पहिला घास घेतला, इकडंतिकडं पाहिलं. "छान आहे हॉटेल. पण यात तू नेमकं काय केलंस?"

तेवढ्यात आतून कृष्णाच्या हसण्याचा आवाज आला. ताईंनी भटारखान्याकडे नुसती मानेनं खूण केली आणि वाटीतल्या आमटीत भाकरी कुस्करायला घेतली.