डी ला काही होत नाही

मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. माझं तर सगळ्यात जास्त. एका कंपनीत लोकांची मशीन ठीकठाक करण्याचाच मला पगार मिळायचा. भुकूमच्या आमच्या सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की रविवारी सकाळी बेल आमचीच वाजायची. मी जायचो, मशीन फॉरमॅट करायचो, चहा पिऊन यायचो. निघताना सगळ्यांना एकच उपदेश करायचो. डिस्कचे दोन भाग असतात, सी आणि डी. सी मध्ये सिस्टिम. ती बिघडली की सी पुसून नवी टाकायची. म्हणून आपलं सामान सी ला ठेवायचंच नाही. सगळं डी ला टाका, डी ला काही होत नाही.

अण्णांकडूनही मी हेच घोकून घेतलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. परभणीकडे जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. आई गेल्यावर मी त्यांना भुकूमला आणलं. वर्षभरात ते रस्ते विसरू लागले, मग माणसं. डॉक्टरांनी रोग सांगितला आणि म्हणाले, जे आठवतंय ते रोज लिहू द्या, बरं असतं. हात थरथरायचा, लिहिलेलं त्यांचं त्यांना लागायचं नाही. म्हणून मी कॉम्प्युटरवर मराठी टाकून दिलं आणि एका बोटानं टाइप करायला शिकवलं. मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळतील. कसलं काय! म्हातारा रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ड्युटीवर गेल्यासारखा बसायचा.

काय लिहिता ते मात्र दाखवायचे नाहीत. "पुरं झाल्यावर वाच. अर्धं वाचून काय करणारैस?"

एकदाच मी पाठीमागून गुपचूप वाचलं. मी जन्मलो त्या दिवशीचं होतं ते. आई दवाखान्यात, आणि अण्णा तिकडे कुणाच्या तरी गोठ्यात, कारण म्हैस अडली होती. आई यावरून त्यांना जन्मभर टोमणे मारायची. 'बायको सोडून म्हशीपाशी बसला,' म्हणायची. अण्णा कधी एका शब्दानं उत्तर द्यायचे नाहीत. स्क्रीनवर लिहिलं होतं, 'मी का गेलो नाही हे मी कोणाला सांगितले नाही. त्याचे कारण असे की' आणि तेवढ्यात त्यांनी स्क्रीनवर पंजा ठेवला. "अजून व्हायचंय," म्हणाले. मी हसलो आणि ऑफिसला निघून गेलो.

त्या काळात आमच्याकडे लाइटीचा नुसता खेळ. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, आणि अण्णांच्या डोक्यातलं अर्धं वाक्यही बंद. ते परत यायचंच नाही. काळ्या स्क्रीनसमोर बोट वर धरून बसून राहायचे. ते बघवेना, म्हणून दोन हजार आठची दिवाळी झाल्यावर लॅपटॉप घेतला. अण्णांचं सगळं लिखाण त्यावर आणून ठेवलं. जुना कॉम्प्युटर साफ पुसून धरणाकडच्या एका गावातल्या शाळेला देऊन टाकला. बायको म्हणाली, "थोडे दिवस राहू द्या की." मी म्हणालो, "अडगळ कशाला?"

अण्णांना लॅपटॉप फार आवडला. गॅलरीत खुर्ची टाकून, डोंगराकडे तोंड करून लिहायचे. सकाळी दूध घालायला येणारा गावातला माणूस त्यांच्यापाशी हटकून टेकायचा. "आण्णा, म्हस पान्हाच सोडंना, काय करू?" अण्णा हातातलं थांबवून सगळं नीट सांगायचे. मग तो मला म्हणायचा, "म्हातारं लई गुणी हाय तुमचं." नातवाचं नाव विसरणारा माणूस म्हशीचं एकही औषध विसरला नव्हता.

लॅपटॉप मात्र मला आवडला नाही. त्यात कंपनीनंच घातलेली नवी सिस्टिम होती, ढिम्म हलायची नाही. वर नको ती फुकटची सॉफ्टवेअरं. सुरू केला की पाच मिनिटं घरघर. अण्णांना त्याचं काही नव्हतं. "चालतंय की, कुठं गाडी पकडायचीय?" म्हणायचे. पण मला कुठलं सहन व्हायला! माझ्या घरात असलं मशीन? एका रविवारी जेवण झाल्यावर जुन्या, भरवशाच्या सिस्टिमची सीडी घेऊन बसलो. म्हटलं, सगळं धुऊन काढू. कोरी पाटी करू.

गाफील होतो असं कुणी म्हणू नये. मी विचारलं होतं. सी उघडून बघितलं, अण्णांचा फोल्डर मी ठेवला होता तिथं नव्हता. हाक मारली, "अण्णा, तुमचं लिखाण कुठंय?"

आतून आवाज आला, "डी ला टाकलंय समदं. तूच म्हणतोस न."

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं तेच. डी ला आहे म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. दहा वर्षांची सवय. डी ला आहे ना, मग संपला विषय.

सीडी टाकली. निळा स्क्रीन आला. डिस्कचे भाग दिसले. सी मोठा, आणि खाली एक चिमुकला डी. तो बघून मी मनात म्हणालो, हा तर कंपनीचा. नव्या लॅपटॉपमध्ये तेव्हा असा एक छोटा डी यायचा. कंपनी त्यात आपल्या सिस्टिमची प्रत ठेवायची. मला तो फुकट जागा अडवणारा कचरा वाटायचा. आपला डी म्हणजे आपण स्वतः पाडलेला. तो तर या मशीनवर मी अजून पाडलाच नव्हता. मग अण्णांनी टाकलं कुठं? हा एवढा प्रश्न, एवढाच, माझ्या डोक्यात आला नाही. मी सी उडवला. डी उडवला. खरंच पुसू का, असं मशीननं दोन्ही वेळा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणालो.

मग नवा सी पाडला, नवा ऐसपैस डी पाडला. सिस्टिम चढली, मशीन कसं पळायला लागलं! त्या आनंदात ऑफिसातून आणलेली गाणी, पिक्चर, सगळं त्या नव्या डी वर ओतलं. काठोकाठ.

चहाच्या वेळी अण्णा येऊन बसले. चष्मा पुसला, डी उघडला. "हे काय गाणीच गाणी टाकलास? माझं कुठंय?"

मी त्यांच्या हातातून लॅपटॉप ओढूनच घेतला. शोधलं, पुन्हा शोधलं. नसलेली गोष्ट कितीदा शोधणार? दुसऱ्या दिवशी ऑफिसातली पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअरं लावली. पुण्यातल्या एका जाणकाराकडे आठ दिवस डिस्क ठेवली. पुसलेल्या जागेवर मी गाणी ओतून बसलो होतो, त्यामुळे परत आली ती नुसती फाइलींची नावं. 'चंपा गाय'. 'लाळ्या खुरकताचं साल'. 'हिची पहिली साडी'. 'तू झालास तो दिवस'. उघडलं की आत रिकामे चौकोन, ओळीच्या ओळी. मी प्रत्येक फाइल उघडली. प्रत्येकीत चौकोन.

शाळेत गेलो. त्या कॉम्प्युटरवर पोरं चित्रं रंगवत होती. काही मिळणार नव्हतंच, पुसणारा मीच होतो. आपण आपल्या कामात हुशार असल्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

अण्णांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "समदंच?" मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तोंडातून एवढंच, "बरं." दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत हजर! "लॅपटॉप आण रे, कुठवर आलो होतो बघू." आदल्या दिवशीचं सगळं साफ गेलं होतं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच "समदंच?", पुन्हा तेच पाणी. तिसऱ्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. म्हणालो, "आहे अण्णा, डी ला आहे. लॅपटॉप तेवढा दुरुस्तीला दिलाय." ते खूश झाले. त्यानंतर मी रोज खोटं बोललो.

वही घेऊन त्यांच्यापाशी बसून बघितलं. "अण्णा, त्या दिवशी दवाखान्यात का नाही गेलात? म्हैस कुणाची होती?"

"ते लिहिलंय की मी. वाच जाऊन."

"तुमच्या तोंडून सांगा ना."

"एकदा लिहून ठेवलं, आता डोक्यात कशाला ठेवू?" असं म्हणून हसले. खरंच मोकळे झाल्यासारखे हसले. मी महिनोन्‌महिने विचारत राहिलो. आधी सांगायचे नाहीत, मग सांगता येईना. दूधवाल्याला विचारलं, तुमच्यापाशी कधी काही बोलले का. "म्हशीचंच बोलायचं," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाई."

पुढच्या पावसाळ्यात ते मला 'साहेब' म्हणायला लागले. मी कुणीतरी दवाखान्याच्या तपासणीला आलेला माणूस होतो. एका दुपारी शर्टाची बटणं लावून देत होतो, तर माझा हात धरून हळूच म्हणाले, "साहेब, एक काम करा. माझा मुलगा भेटला तर सांगा, त्यानं एक गोष्ट विचारली होती, ती मी लिहून ठेवलीय. डी ला हाय." मग त्यांनीच माझा हात थोपटला.

"काळजी करू नका, साहेब. तिथं काही होत नाही. आमच्या पोराला लई कळतं त्यातलं."