नाव नसलेली खिडकी

मंचरच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात बऱ्याच आडत्यांच्या गाळ्यांवर कळंबच्या अश्विनी कानडेचं सॉफ्टवेअर चालतं. शेतकऱ्याच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, छापून देणारं. कामाला चोख, पण डाउनलोड केलं की पडद्यावर खिडकी उघडायची: हे कोणी बनवलंय माहीत नाही, धोका असू शकतो. आडते घाबरून फोन करायचे. अश्विनी म्हणायची, "काही होत नाही हो, बिनधास्त पुढे दाबा." अख्ख्या बाजाराला धोक्याच्या सूचना धुडकावायला शिकवलं बाईनं, आणि वर स्वतःला हुशार समजायची!

एकदा भरतभाऊ आडते कौतुकानं म्हणाले, "ताई, आता कसलीबी खिडकी येऊ द्या, आमी वाचतच न्हाई. तुमीच शिकवलंय." उद्या खरंच धोक्याची खिडकी आली तरी हे दाबणार, हे अश्विनीला तेव्हा कळलं.

मग ती कोड सायनिंग सर्टिफिकेटच्या मागे लागली. ते देणारी कंपनी आधी तुमची ओळख तपासते, मग तुम्हाला सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करता येते, आणि उघडणाऱ्याला तुमचं नाव दिसतं. कागदपत्रं झाली, आधार कार्ड हातात धरून व्हिडिओ कॉल झाला, सही करायचं पेन ड्राइव्हसारखं टोकन कुरिअरनं आलं. अश्विनी गाळ्यागाळ्यावर जाऊन बजावून आली, "माझं नाव दिसलं तरच दाबायचं."

"आधी दाबा म्हणत व्हता, आता नको म्हणताय. एक काय ते ठरवा की राव!" भरतभाऊ हसले.

महिनाभरानं एका सकाळी आडत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फाइल टाकली: 'पट्टी सॉफ्टवेअर, नवीन'. अश्विनीनं ती पाठवलीच नव्हती. तिनं ग्रुपवर 'उघडू नका' लिहिलं आणि भरतभाऊंना फोनवर फोन केले. ते उचलेनात. तिनं स्कूटी काढली. हायवेला नेहमीची गर्दी. ट्रकवाल्यांना आणि स्वतःला शिव्या घालत ती गाळ्यावर पोचली.

कॉम्प्युटरवर ती धोक्याची खिडकी उघडीच होती. भरतभाऊ शेजारी बसून हातानं पट्ट्या लिहीत होते.

"दाबलं का?" तिला धाप लागली होती.

"न्हाई. तुमचं नाव कुठंय त्यात? चुकून दाबलं जाईल म्हणून कॉम्प्युटरला हातच लावला न्हाई. सकाळधरनं लिहितोय, बोटं मोडायची येळ आली."

"मी इतके फोन केले!"

"लिलावात कुठं ऐकू येतंय? पण ताई, फोनवर तुमी सोता दाबा म्हणला असता ना, तरी दाबलं नसतं."

अश्विनी कांद्याच्या गोणीवर मटकन बसली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. डोळे पुसून तिनं भरतभाऊंच्या हातातलं पेन घेतलं आणि पुढची पट्टी लिहायला घेतली.