उपरण्याखालचा भाव

आष्टीच्या बाजारात तो बैलांचा दलाल होता. भाव तोंडाने कधी बोलायचा नाही. उपरण्याखाली समोरच्याची बोटं धरायची, भावाइतकी दाबायची, सौदा ठरला. "जनावराला आपली किंमत कळू न्हाई," म्हणायचा.

दुष्काळात बाजारात बैल येईनासे झाले, आमच्या दूध संघालाही कुलूप लागलं. तेव्हापासून तो घरांची दलाली करू लागला. उपरणं मात्र सुटलं नाही. "घराला बी समजतं, साहेब."

संघाची खोली सोडावी लागली म्हणून मी घर शोधत होतो; मला त्याने बरीच घरं दाखवली. आधी बोअरला पाणी किती ते बघायचा, मग बैलाच्या पाठीवर मारावी तशी भिंतीवर थाप मारायचा.

शेवटचं घर त्याचं स्वतःचंच निघालं. बोअर आटलं होतं, लेक पुण्याला बोलावत होती. अडलाय म्हणून मी भाव पाडूनच मागायचं ठरवलं होतं. ओसरीवर त्याने उपरणं पसरलं. आत बायको पोत्यात भांडी भरत होती. मी हात पुढे केला. त्याने एकही बोट दाबलं नाही. माझा सबंध हातच धरून बसला. मग भिंतीकडे बघत पुटपुटला,

"तुमीच सांगा, साहेब. पण हळू बोला."