आवाज कसा बदलू?

शाहूपुरीत प्रबंध टाइप करून, बांधून देणारं एक दुकान आहे. तिथं ती बाई मला एकदाच भेटली. पन्नाशीची, गडहिंग्लजकडची, माझ्यासारखीच पीएचडी करणारी. नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बायकांच्या मुलाखती तिनं मोबाइलवर घेतल्या होत्या. त्या संशोधकांच्या सामायिक वेबसाइटवर टाका, इतरांनाही उपयोग होईल, असं तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं.

लॅपटॉपपुढं बसून ती एकच मुलाखत पुन्हा पुन्हा ऐकत होती. बोट बटणापर्यंत न्यायची आणि मागं घेऊन पदराला पुसायची. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाली, "पावणं, हे कोण कोण ऐकणार वो?"

"जगात कुणीही," मी जरा अभिमानानंच म्हणालो. "नावं बदललीत ना? मग कशाला भ्यायचं?"

"जगाचं भ्या न्हाय, गावाचं हाय. नाव बदललं, आवाज कसा बदलू? नवरा लगेच वळखंल की. ती अजून त्याच घरात हाय."

तिनं ती मुलाखत वेबसाइटवर टाकायच्या यादीतून काढली, लॅपटॉप मिटला आणि निघून गेली.

मी गेल्याच महिन्यात त्या वेबसाइटवर बारा मुलाखती टाकल्या होत्या. माझ्या मुलाखतींतल्या बायकाही घरातलंच बोलल्या होत्या. घरी येऊन मी त्या काढायला बसलो. कोडोलीच्या एका बाईची मुलाखत चाळीस जणांनी डाउनलोड करून घेतली होती. कुणी, ते तिथं दिसत नव्हतं.

मी कोडोलीच्या त्या बाईला फोन लावला. तिच्या नवऱ्यानं उचलला.

"कोण बोलतंय?" त्यानं विचारलं.

मी नाव न सांगताच फोन ठेवला.