डॉक्टरीणबाईंचे शनिवार

आमची डॉक्टरीण कुठलाही कागद शेवटून वाचायला सुरुवात करायची. बिस्किटांचा पुडा असो, औषधाची पट्टी असो, नाहीतर लिफ्ट बंद राहणार असल्याची नोटीस असो, तिची नजर आधी तळाच्या बारीक अक्षरांवर जायची. सिंगापुरात सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली भाड्याने द्यायची होती, तेव्हा ती बघायला आली. बाबांनी करारनामा पुढे केला. तिने सरळ शेवटचं पान उघडलं आणि आम्ही तिघं चहाचे कप धरून बसलेलो असताना पाच मिनिटं ती त्या पानात बुडून गेली. मग मान वर करून तिने आईला विचारलं, "इथे ‘हलका स्वयंपाक चालेल’ असं लिहिलंय. फोडणी हलक्यात येते का?"

आई एवढी हसली की खोली तिथल्या तिथे दिली गेली.

डॉक्टरीण हे नाव बाबांनी ठेवलं. ती मूळची सांगलीची. पीएच.डी. झाल्यावर नोव्हेनाच्या एका प्रयोगशाळेत पुढचं संशोधन करायला आलेली. वय तेव्हा चौतीस-पस्तीस असेल. आईबाबांना ती वहिनी आणि दादा म्हणायची, मी तिला ताई म्हणायचे. पण तिच्या पाठीमागे, आणि पुढे पुढे तिच्या तोंडावरही, ती आमची डॉक्टरीणच झाली. खालच्या मजल्यावरच्या लिम आँटींनी हे नाव ऐकलं आणि एकदा लिफ्टमध्ये त्यांनी आपला सुजलेला गुडघा तिच्यापुढे केला. ही म्हणाली, "आँटी, मी फक्त उंदरांची डॉक्टर आहे." आँटी म्हणाल्या, "नेव्हर माइंड ला, उंदरालाही गुडघे असतातच ना." तेव्हापासून दर आठवड्याला गुडघ्याची चौकशी करणं हे तिचं काम झालं.

घरात ती प्रयोगशाळेसारखीच वागायची. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर पांढरी पट्टी चिकटवून काळ्या मार्करने लिहायची: वरण, मंगळवार. मटकी भिजवली, बुधवार सकाळ. आईला आधी राग आला. "माझ्या घरात मला माझं वरण ओळखता येत नाही का?" असं ती माझ्याजवळ पुटपुटली. दोन महिन्यांनी मी फ्रिज उघडला तर आईच्या अक्षरात एक पट्टी दिसली: दही, लावलं गुरुवारी. रविवारी सगळी इमारत झोपलेली असताना डॉक्टरीण नोव्हेनाला जायला निघायची, कारण पेशींना ठरल्या वेळी खाद्य द्यावं लागतं. "माझ्या पेशींना रविवार कळत नाही," ती चपला घालताना म्हणायची. शनिवारची दुपार मात्र तिची स्वतःची होती. ती दुपार पुढे माझी झाली.

त्या वर्षी माझा ए लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागला. ज्युनिअर कॉलेजच्या हॉलमध्ये गुणपत्रिका हातात घेतल्यावर मला कळलं की इथल्या एकाही विद्यापीठाचं दार आपल्याला उघडणार नाही. घरी जायचा धीर होईना, म्हणून इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर बसून राहिले. बाबा रॅफल्स प्लेसला, बँकेच्या आयटी विभागात. आई वर घरी, त्यांच्याशी फोनवर. वर गेलं की दोघांचा तो समजूतदार आवाज ऐकावा लागणार होता, आणि तो मला रागावण्यापेक्षाही नको होता. डॉक्टरीण कामावरून परतत होती. मला बघून बाजूला बसली. धीर वगैरे काही दिला नाही. मी कागद पुढे केला, तर तिने तो घडी करून माझ्याच दप्तरात ठेवला.

"हे राहू दे. कुठला पेपर लिहिताना तुला वेळ कमी पडला?"

"हिस्ट्री," मी म्हटलं. "आणि थोडा जिऑग्रफी."

"कमी का पडला? येत नव्हतं म्हणून?"

"नाही. लिहायला खूप होतं म्हणून."

"मग तिथून सुरू करू," ती म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबायला उठली.

बाबांनी आठवड्याभरात योजना तयार ठेवली होती. मी पुण्याला काकांकडे राहायचं आणि बीसीए करायचं. बाबांचा हेतू चांगलाच होता. संगणकाने त्यांना इथवर आणलं होतं, त्याने मुलीलाही कुठेतरी पोचवावं एवढंच त्यांचं म्हणणं. मला नाही म्हणता येत नव्हतं, कारण नाहीच्या बदल्यात काय, हे माझ्यापाशी नव्हतं.

ते डॉक्टरीणबाईंनी शोधून दिलं. तिच्या प्रयोगशाळेतली एक इंडोनेशियन मुलगी अशाच वाटेने शिकली होती: अमेरिकेतल्या एका छोट्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं लिबरल आर्ट्सची असोसिएट डिग्री आणि मग थेट विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. पहिली दोन वर्षं इतिहास, विज्ञान, गणित, निबंधलेखन असं सगळं थोडं थोडं शिकायचं. कशात मुरायचं ते नंतर ठरवायचं. अशा कॉलेजांत ए लेव्हलच्या गुणांवर सगळं अडत नव्हतं. मी तर त्याच रात्री यादी करायला बसले.

पहिल्या शनिवारी मी तिच्यासमोर माझ्या आवडीच्या विषयांची यादी ठेवली. मातीकाम, सिनेमा, खगोलशास्त्र, जपानी, नकाशांचा इतिहास. तिने यादी वाचली आणि कॉलेजचं माहितीपत्रक उघडून, अर्थातच, तळाला गेली. "हे बघ. या विषयांपुढे चांदणी आहे. चांदणीचा अर्थ खाली दिलाय: हे विषय पुढच्या विद्यापीठात धरले जातीलच असं नाही. तुझ्या पाचांतल्या तीन विषयांवर चांदणी आहे."

"मग?"

"मग उलटं चालायचं. तुला शेवटी जिथे पोचायचंय, ते विद्यापीठ काय मागतं ते आधी पाहू. ते मागेल ते पहिल्या दोन वर्षांत बसवू. उरलेल्या जागेत तुझं मातीकाम."

असे आठ-नऊ शनिवार गेले. जेवणाचं टेबल पुसून ती मोठा कागद पसरायची आणि चार सत्रांचे चार रकाने पेन्सिलीने आखायची. गणित मी चौथ्या रकान्यात ढकललं होतं. तिने ते खोडून पहिल्यात लिहिलं. "नावडतं आहे ना? मग ताजी असताना करून टाक. तिसऱ्या सत्रात तुला घरची आठवण येत असेल, त्यात गणित नको." दोन विद्यापीठांना आणि त्या कॉलेजच्या सल्लागार बाईंना आम्ही पत्रं पाठवली. मजकूर माझा, आणि प्रत्येक पत्रात प्रश्न एकच. "दोन प्रश्न विचारले तर सोप्याचंच उत्तर येतं," असं तिचं म्हणणं.

एकदा ती स्वतःच चुकली. विज्ञानाच्या जागी तिने माझ्या हौसेखातर खगोलशास्त्र घातलं होतं. सल्लागार बाईंचं उत्तर आलं की विद्यापीठाला प्रात्यक्षिकासह विज्ञान लागतं आणि त्यांच्याकडच्या खगोलशास्त्राला प्रात्यक्षिक नाही. डॉक्टरीण ते पत्र वाचून कपाळाला हात लावून बसली. "आयुष्य प्रयोगशाळेत घातलं आणि प्रयोगशाळाच विसरले!" मग तिने खोडरबर घेतलं आणि त्या जागी जीवशास्त्र लिहिलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला इतक्या सहज ‘मी चुकले’ म्हणताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र तिने मला मदत करायचं साफ नाकारलं. "दादांशी मी बोलणार नाही. मी भाडेकरू आहे. तू बोल, आणि मराठीत बोल. तुझ्या बाबांना इंग्लिश येतं, पण ते काळजी मराठीत करतात." माझं मराठी तेव्हा आईशी जेवणाखाण्याचं बोलण्यापुरतं होतं. तिने माझ्याकडून तालीम करून घेतली. ‘क्रेडिट’ला शब्द सापडला नाही तर तो तसाच ठेव, म्हणाली, पण का जायचंय ते उसन्या शब्दांत सांगू नको.

एका शनिवारी चहाच्या वेळी मी तो मोठा कागद बाबांपुढे ठेवला.

"लिबरल आर्ट्स म्हणजे नक्की काय?" बाबांनी चष्मा वर केला. "आणि दोन वर्षांनी ट्रान्स्फर? बदली व्हायला ती काय सरकारी नोकरी आहे?"

"बाबा, इट्स लाइक..." मी सुरू केलं. स्वयंपाकघराच्या दारात डॉक्टरीण खोकली. मी थांबले आणि पुन्हा सुरुवात केली. "बाबा, मला काय येतं ते मला अजून माहीत नाही. काय आवडतं ते थोडं माहीत आहे. ही दोन वर्षं मला ते शोधायला हवीत. नुसतं भटकायला नाही मागत. प्रत्येक विषय का घेतला ते इथे लिहिलंय."

"आणि तिकडच्या विद्यापीठाने घेतलं नाही तर?"

"दोन विद्यापीठांची पत्रं आहेत. विषय धरू म्हणतात, प्रवेशाची खात्री देत नाहीत. नाहीच मिळाला, तर दोन वर्षांची पदवी घेऊन परत येईन आणि तुम्ही म्हणाल ते शिकेन."

बाबांनी कागद उचलून पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग दाराकडे वळून म्हणाले, "तुम्ही सांगा. तुम्ही तर आमच्यात सगळ्यांत जास्त शिकलेल्या. तुमची धाकटी बहीण असती, तर तिला हे करू दिलं असतं?"

ती येऊन खुर्चीवर बसली. "दादा, मी दहावीपासून सरळ एका रेषेत शिकले. एकदाही आजूबाजूला बघितलं नाही. गेली आठ वर्षं एकाच प्रथिनावर काम करतेय. आता तो प्रकल्प बंद केलाय, त्यामुळे माझं कामही या महिन्याअखेर संपतंय. शिकल्याचा पश्चात्ताप नाही मला. पण तुला दुसरं काय येतं असं कुणी विचारलं, तर मला उत्तर सुचत नाही. हिला सुचावं."

 इथे नोकरी संपली की राहण्याचा पास रद्द होतो आणि महिनाभरात देश सोडावा लागतो, हे आमच्यासारख्या घरांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"कधी कळलं तुला हे?" आईने विचारलं.

"महिना झाला."

"महिना झाला आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस?"

"वहिनी, शनिवार मोडले असते," ती म्हणाली.

आई उठून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून भांडी घासत राहिली. बाबांनी कागदाची घडी केली आणि हो किंवा नाही काहीच न बोलता आपल्या खोलीत नेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. लॅपटॉपवर चार सत्रं चार रंगांत मांडलेली होती, प्रत्येक विषयापुढे अर्जाची मुदत आणि शेवटी ‘न जमल्यास’ असा वेगळा रकाना. "तिसऱ्या सत्रात तुमची बेरीज एका विषयाने कमी पडत होती," ते म्हणाले. आमच्या घरात होकार असा मिळतो.

डॉक्टरीण माझ्या आधी गेली. चांगी विमानतळावर आम्ही तिघंही सोडायला गेलो. लिम आँटींनी तिच्यासाठी अननसाच्या बिस्किटांचा डबा पाठवला होता. मी रडायला लागले तशी ती म्हणाली, "पत्र लिही. मराठीत. चुका झाल्या तर झाल्या." आणि वळून न बघता आत गेली. मला वाटतं तीही रडत होती, पण ते तिने आम्हाला पाहू दिलं नाही.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं असं नाही. पहिल्या सत्रात गणिताने मला चांगलंच रडवलं, पण त्यात मी पास झाले. तिसऱ्या सत्रात खरोखरच घराची आठवण इतकी आली की मी परतीची विमानं बघत बसायचे. तेव्हा डोक्यावर गणित नव्हतं, याबद्दल तिला मनातल्या मनात किती वेळा हात जोडले असतील. दोनपैकी एका विद्यापीठाने नाही म्हटलं. दुसऱ्याने घेतलं, एक विषय सोडून बाकी सगळे धरले, आणि तो एक मी उन्हाळ्यात पुन्हा केला. आज मी तिथे शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. बाबा ओळखीच्यांना हे सांगताना आता अडखळत नाहीत.

डॉक्टरीण हल्ली सांगलीजवळच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मी दर महिन्याला तिला पत्र लिहिते. हे एवढं मराठी मला लिहिता येतंय ते त्या पत्रांमुळे. गेल्या महिन्यात तिच्याकडून उत्तराऐवजी बारा पानांचा निबंध आला. हळद साठवायला जमिनीखाली खणलेल्या तिच्या गावाकडच्या पेवांचा इतिहास. सोबत दोन ओळी होत्या: "मीही इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलंय, बाहेरून. हा पहिला निबंध. सरांकडे जाण्याआधी तू तपास, आणि माझी भीड धरू नकोस."

मी पेन घेऊन बसले. सुरुवात लांबली होती, तिथे तसं लिहिलं. पाचव्या पानावर एक दावा आधाराशिवाय केला होता, तिथे खूण केली. पण सातव्या पानावर एक म्हातारे हमाल तिला पेवात शिडीने कसे उतरायचे ते सांगतात, तो भाग वाचताना मी पेन खाली ठेवलं. तिथे सांगलीत दुपार झाली असेल असा हिशेब केला आणि फोन लावला.

"ताई," मी म्हटलं, "तुला हे येतं."