चालणारी जमीन

"साहेब, हितनं रूळ नेऊ नका. ही जमीन चालती."

हौसाबाई असं म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या शेताच्या कडेला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, तिवईवर बसवत होतो. साठचं दशक संपत आलं होतं. कोकणातल्या बंदरातून खत आणि कोळसा देशावर आणायला सह्याद्री ओलांडणारी मालगाडीची लाइन काढता येईल का, हे पाहायला आमची सर्व्हे पार्टी वेल्ह्याच्या पुढं डोंगरात तंबू ठोकून होती. मी ज्युनिअर इंजिनिअर.

मालगाडीला चढ सोसत नाही. शंभर फुटांत एक फूट, एवढीच आम्हाला मुभा. म्हणून रूळ डोंगराच्या अंगावरून वळसे घेत न्यावे लागतात. चार महिने हिंडून तसा एकच उतार सापडला होता, आणि त्याच्या मधोमध हौसाबाईंचं नाचणीचं शेत. मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरनी, 'लाइन शक्य आहे' असं वर कळवूनही टाकलं होतं.

"जमीन चालते म्हणजे काय, मावशी?"

त्यांनी शेताच्या वरच्या अंगाचे हद्दीचे दगड दाखवले. सात होते. "मामंजींच्या वक्ताला मोजणीवाल्यांनी सरळ रेघंत पुरल्याले. आता बगा तुमीच. कचेरीत सांगाय गेले, तर हसली समदी."

त्यांचे दीर तुकाराम खालून ओरडले, "वैनी, गप ऱ्हावा की! गाडी आली तर गावाला काम मिळंल."

"आन गाडीसकट डोंगर आला तर? खाली घरं आपलीच हायेत न्हवं?"

अख्खं गाव तुकारामांच्याच बाजूचं होतं. आमचं सामान वाहणारे गडी रोज विचारायचे, "टेशन कुठं व्हनार?"

पहिला आणि शेवटचा दगड कातळात होता, पक्का. पहिल्यावरून शेवटच्यावर दुर्बीण लावली. मधले पाचही रेषेखाली उतरलेले, धनुष्यासारखे. सगळ्यात मधला चार फूट. मग दोन खड्डे खणून घेतले. वर भुसभुशीत माती, खाली साबणासारखी चिकण, आणि तिच्यावर भर उन्हाळ्यात ओल. सगळा उतार दर पावसाळ्यात थोडाथोडा घसरत होता. रुळांसाठी त्याचा पाय कापायचा, म्हणजे टेकू काढून घ्यायचा.

'इथून लाइन नेऊ नये' ही माझी नोट साहेबांनी वाचली. "शेजाऱ्यानं सरकवले असतील दगड. खेड्यात हे चालतंच."

"वरच्या बाजूला जंगल आहे, सर. शेजारी कुणी नाही."

"मग बोगदा?"

"दोन मैलांच्या वर होईल. खर्च परवडायचा नाही."

"म्हणजे लाइन झालीच नाही म्हण. एका बाईच्या सांगण्यावरून मी माझं पत्र मागं घेऊ?"

"बाईंचं राहू द्या, सर. तुम्ही स्वतः एकदा दुर्बिणीतून बघा."

दुसऱ्या दिवशी ते खरंच चढून आले. पहिल्यांदा डोळा लावला, रुमालानं काच पुसली, पुन्हा लावला. मग तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून, नोटवर सही केली.

लाइन बारगळली. तंबू उतरवायला गावातलं कुणी आलं नाही. हौसाबाई तेवढ्या आल्या. "माझ्याशी कुनी बोलत न्हाई आता," म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "तुमचं बरोबर होतं," एवढंच म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातली तिवई घेऊन जीपपर्यंत पोचवली.

पुढं रिटायर होईपर्यंत दोन-तीनदा त्या बाजूला जाणं झालं. उतार अजून कोसळलेला नाही. कदाचित कधी कोसळणारही नाही. न बांधलेल्या लाइनवर अपघात होत नाहीत, त्यामुळे ती न बांधणं शहाणपणाचं होतं हे कुणाला दाखवताही येत नाही. इंजिनिअरनं बांधलेल्या पुलावर पाटी लागते. नाही म्हटल्याची पाटी कुठं लावणार?