पिशवीत उरलेली हवा

डोंगरातल्या त्या छावणीच्या गावात आम्ही सहलीला गेलो होतो. वळणावर बॅगपाइप ऐकू आले आणि समोर परेड दिसली. बसमधली मंडळी मोबाइल घेऊन धावली.

"अहो, तुम्हीही असंच वाजवायचात ना?" हिनं विचारलं. "मग चेहरा का उतरला?"

वाजवायचो. मी आणि गणपत, एकाच पलटणीत. लढाई लागली की बँडवाले वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलतात. पुढचे दांडे गणपतकडे, मागचे माझ्याकडे. एका जखमीला आणायला निघालो आणि वाटेत गणपतच पडला. गोळी फक्त पायाला लागली होती. "दत्त्या, सोडू नकोस रे," तो म्हणाला. मी स्ट्रेचर टाकून पळालो. दुसऱ्या दिवशी तो सापडला, तेव्हा रक्त वाहून वाहून गेला होता.

त्याच्या घरी जाऊन मी सांगितलं, गोळी छातीत लागली, क्षणात गेला. त्याची बहीण शांताक्का तेव्हापासून दरवर्षी मला राखी बांधते.

परेड थांबली. सगळी वाद्यं एकदम गप्प झाली, पण एका नवशिक्याच्या बॅगपाइपच्या पिशवीत उरलेली हवा कण्हत राहिली. ती काखेतला दाब सोडून तिथल्या तिथे बंद करायची, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. मी ते फार चांगलं शिकलो.

"शांताक्काला फोन लाव," मी हिला म्हणालो.

"आत्ता? राखीला अजून महिना आहे."

"म्हणूनच. बांधायची की नाही, ते तिला ठरवू दे."